छापून झाल्यावर उरलेला कागद



तुमच्यापैकी ज्यांचे बालपण ‘चांदोबा’ वाचण्यात गेले, त्यांना विक्रम-वेताळाचे चित्र आठवत असेलच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, आणि राजा आपला निघाला आहे. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला आणि एस.टी.च्या स्टँडवरून, शाळेच्या कपाटातून, मामाच्या घरच्या फडताळातून गावोगाव पोचला. त्याचे छापील अंक आता बंद झाले आहेत. ते चित्र काढणारे चित्रकार शंकर, तेही २०२० साली वारले. चित्र मात्र आपण शेकडो वेळा पाहिलेले. पण एक प्रश्न कधी मनात आला का? जो कागद चित्रकाराने समोर ओढून घेतला, ज्याच्यावर त्याच्या कुंचल्याची शाई प्रत्यक्ष टेकली, अशा कागदाचे पुढे काय होते?

माझ्या मनात तरी हा प्रश्न बरीच वर्षे आला नव्हता. आला तेव्हा उशीर झाला होता. तो कसा झाला ते आधी सांगतो, म्हणजे विषयाला आपोआप तोंड फुटेल.

१९७१ साली मी मॅट्रिक होऊन पुण्यात ब्लॉक करण्याच्या एका लहानशा कारखान्यात चिकटलो. कारखान्याचे नाव सांगत नाही; तो आता राहिलेला नाही. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे जस्ताचा ठसा करावा लागे. चित्रकार मोठ्या कागदावर चित्र काढून देई. मोठ्या कॅमेऱ्याने त्याचा लहान फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा तेजाबात सोडायचा. रेघा असतील तिथले जस्त तसेच राही, बाकीचे तेजाब खाऊन टाकी. मग पत्रा लाकडावर ठोकला की झाला ब्लॉक. हा ब्लॉक आम्ही तळहातावरच्या फोडासारखा जपत असू. त्याला ओरखडा उमटला तर मालक कान उपटत. कागदात नीट गुंडाळून तो छापखान्यात जायचा. आणि गुंडाळायला कागद कुठला? हाताशी येईल तो. हाताशी असे तो बहुतेक वेळा चित्रकाराचाच कागद. जाड, चिवट, गुंडाळायला फार चांगला! हे काम माझ्याकडे होते.

एका संध्याकाळी एक चित्रकार सायकलवरून आले. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकासाठी त्यांनी चौदा चित्रे काढून दिली होती.

“माझी चित्रं न्यायला आलोय,” ते म्हणाले.

“ब्लॉक कालच गेले, काका.”

“ब्लॉक नव्हे हो. चित्रं.”

मी कोपऱ्याकडे पाहिले. काही कागद ब्लॉकांबरोबर गेले होते, आणि उरलेला ढीग सकाळीच रद्दीवाल्याने उचलला होता. मी तसे सांगितले. ते जरा वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “बाकीची गेली तर गेली. त्यातला घोडा तेवढा हवा होता.” एवढे बोलून सायकलवर टांग मारून निघून गेले. मी मनातल्या मनात हसलो, हे आज कबूल करतो. घोडा पुस्तकात छापून येणारच होता की! मग त्या कागदाचे एवढे काय?

पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो. बऱ्याच वर्षांनी मुंबईला एका परिचितांच्या घरी अमेरिकन चित्रकथेचे, म्हणजे कॉमिकचे, एक मूळ पान पाहायला मिळाले. मी रंगीत पान समजून बसलो होतो. निघाले ते काळे-पांढरे! अमेरिकेत चित्रकथेचे पान काळ्या शाईत पुरे करतात. रंग भरणारा माणूस वेगळा. तो पानाच्या लहान नकलेवर रंग लावून छापणाऱ्याला दाखवी. म्हणून मूळ पान कोरे काळे-पांढरे राही. शिवाय ते आकाराने केवढे तरी मोठे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन चित्रकार छापील पानाच्या साधारण दुप्पट लांबी-रुंदीचे पान काढीत, नंतर ते दीडपटीवर आले. मोठे काढून लहान छापले म्हणजे हाताचा कंप आणि रेघेचा खडबडीतपणा झाकला जातो. गुरुजी, आपल्या मुलांना हे जरूर सांगा. छापील चित्राइतकी बारीक रेघ आपल्याला येत नाही म्हणून पोर रडकुंडीला येते. ती रेघ मुळात तेवढी बारीक नव्हतीच!

त्या पानावर मी अर्धा तास नाक खुपसून बसलो होतो. शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. निळीच का? तर ब्लॉकवाल्यांच्या फिल्मला फिकट निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसतो, तेव्हा कच्च्या रेघा खोडत बसावे लागत नाही. आमच्याही कारखान्यात हेच होते. पण शास्त्र माहीत असून मी त्या निळ्या रेघांकडे कधी पाहिले नव्हते. एका ठिकाणी माणसाचा हात पांढऱ्या रंगाने पुसून पुन्हा काढला होता. पहिला हात त्या पांढऱ्याखालून अजून थोडा दिसत होता. संवादाचा एक फुगा कापून, नवे वाक्य लिहून वर चिकटवलेला. समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेली सूचना. छापील पानात यातले काहीच नसते. तिथे सगळे गुळगुळीत, जणू चित्रकार कधी चुकतच नाही. मूळ कागदावर तो कुठे अडला, काय खोडले, कशावर समाधान मानले, ते सगळे उघडे असते. मुलाचे शुद्ध लिहिलेले उत्तर आणि त्याची कच्ची वही यात जो फरक, तोच इथे.

आता तुम्ही म्हणाल, मग असे कागद लोकांनी फेकले तरी का? गुऱ्हाळ आठवा. उसाचा रस काढला की चिपाडाचे काय करतात? वाळवून चुलवणात घालतात. छापणाऱ्याच्या दृष्टीने छापील पुस्तक हा रस आणि मूळ चित्र हे चिपाड. मी केले तेच अमेरिकेतल्या भल्याभल्या कंपन्यांनी केले. चित्रांचे गठ्ठे गोदामात पडून राहिले, भेटीला आलेल्यांना वाटले गेले, कित्येक जाळले-फाडले गेले. मॉर्ट वॉकर या नावाचे तिथले एक प्रसिद्ध व्यंगचित्रकार सांगत, की ‘क्रेझी कॅट’ या नामांकित चित्रमालेची मूळ चित्रे छतातून गळणारे पाणी टिपायला टाकलेली त्यांनी पाहिली. वॉकर नुसते हळहळत बसले नाहीत. १९७४ साली त्यांनी व्यंगचित्रांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले.

बिल ब्लॅकबियर्ड हे गृहस्थ याहून विलक्षण. १९६८च्या सुमारास त्यांना कळले, की ग्रंथालये वर्तमानपत्रांचे सूक्ष्म फोटो काढून ठेवतात आणि मूळ अंक फेकून देतात. त्या अंकांत रविवारच्या रंगीत चित्रमाला. फोटो काळे-पांढरे, म्हणजे रंग कायमचा गेला. या माणसाने ते अंक मागून आणायला सुरुवात केली आणि घर वर्तमानपत्रांनी भरून टाकले. पुढे १९९८ साली हा संग्रह ओहायो राज्याच्या विद्यापीठात गेला, तेव्हा सहा मोठे ट्रक लागले. घरातल्या माणसांचे त्याविषयी काय मत होते, ते इतिहासात नमूद नाही! त्या विद्यापीठात आज व्यंगचित्रांचे मोठे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. चित्रकथांचे मूळ कागद तिथे कपाटांत आडवे ठेवलेले असतात.

कागद कोणाचा, हाही तंटा आहे, आणि तो साधा नाही. जॅक कर्बी हे नाव आपल्याकडच्या पोरांना माहीत नसले तरी त्यांची पात्रे माहीत आहेत. ‘कॅप्टन अमेरिका’ त्यांनी जो सायमनबरोबर १९४१ साली उभा केला, ‘हल्क’ १९६२चा. मार्व्हल या कंपनीसाठी त्यांनी काढलेली पाने दहा हजारांच्या घरात जातात असे म्हणतात. १९७०च्या दशकात तिथल्या मोठ्या कंपन्या चित्रकारांना पाने परत देऊ लागल्या. १९८४ साली जुनी पाने परत करायची वेळ आली, तेव्हा इतरांकडून एका पानाचा कागद सही करून मागितला, कर्बींकडून मात्र चार पानांचा. हक्क सोडा, पुढे काही मागू नका, असा त्याचा रोख. म्हाताऱ्याने सही केली नाही. बाकीचे चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, वर्तमानपत्रांतून गवगवा झाला आणि शेवटी १९८७ साली त्यांना सुमारे दोन हजार पाने मिळाली. उरलेली? काही चोरीला गेली, काही नष्ट झाली, काही विकली गेली होती. आता गंमत पाहा. एखाद्या संग्राहकाच्या भिंतीवर टांगलेले पान त्या हरवलेल्यांपैकीच असू शकते. घेणाऱ्याने पैसे मोजून घेतलेले असतात, तोही चोर नव्हे. पण “हे तुमच्याकडे कसे आले?” एवढा प्रश्न विचारल्याशिवाय पान घेऊ नये, असे माझे स्वच्छ मत आहे.

आता कार्टूनपटाकडे येऊ. ज्यांत चित्रे हलतात-बोलतात, ते चित्रपट.

पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. ‘स्नो व्हाइट’ हा वॉल्ट डिस्ने यांचा १९३७चा चित्रपट ८३ मिनिटांचा आहे. गणिताच्या गुरुजींनी वर्गात हिशेब घालावा: ८३ मिनिटे म्हणजे ४,९८० सेकंद, गुणिले २४, उत्तर १,१९,५२० चौकटी. कित्येकदा एकच चित्र दोन चौकटींत वापरतात, म्हणून चित्रे थोडी कमी लागतात. पण त्यात माणूस वेगळा, हरीण वेगळे, पाखरू वेगळे काढायचे, म्हणजे पुन्हा वाढली. अगदी पहिल्या पिढीतल्या विन्सर मॅके यांनी १९१४ साली ‘गर्टी’ नावाच्या डायनोसॉरचा लहानसा चित्रपट केला. त्यात हजारो चित्रे, आणि प्रत्येक चित्रात मागचे डोंगर-दगडसुद्धा पुन्हा काढलेले; त्यासाठी एक मदतनीस ठेवला होता. त्या हजारोंपैकी आज काही शेच कागद उरले आहेत.

त्याच वर्षी एर्ल हर्ड या गृहस्थांनी एक युक्ती काढून तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. डोंगर एकदाच कागदावर रंगवायचे, आणि हलणारे पात्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर काढून त्यावर ठेवायचे. मागचे दृश्य तेच, वरचा ताव बदलत राहायचा. या तावाला ‘सेल’ म्हणतात. आधी कागदावर पेन्सिलीने चित्र, मग सेलच्या दर्शनी बाजूवर शाईने रेघ, आणि उलट्या बाजूने रंग. उलट्या बाजूने का? रेघ झाकली जाऊ नये म्हणून. आपल्याकडे काचेवरची जुनी चित्रे अशीच मागून रंगवलेली असतात. डिस्नेंच्या कारखान्यात हे रेघा मारण्याचे आणि रंग भरण्याचे काम मुख्यतः बायका करीत. १९६१ सालच्या कुत्र्यांच्या पिल्लांच्या चित्रपटापासून पेन्सिलीची रेघ यंत्राने थेट सेलवर उतरू लागली, तेव्हा रेघा मारणारे हात कमी झाले.

फोटो घेऊन झाला की सेलचे काम संपले. सेल महाग, म्हणून सुरुवातीच्या काळात तो धुऊन पुन्हा वापरीत. पाटी पुसतो तसाच! ज्या रंगासाठी कोणी बाई दिवसभर मान मोडून बसली होती, तो संध्याकाळी मोरीतून वाहून गेला. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिये यांच्या चित्रदालनातून ‘स्नो व्हाइट’चे सेल विकायला सुरुवात झाली, आणि चिपाडालाही गिऱ्हाईक असते हे पहिल्यांदा कळले. पण तेव्हा पात्राच्या कडेने सेल कापून दुसऱ्या एखाद्या पाठीवर चिकटवीत, म्हणून त्या काळातला अखंड सेल दुर्मिळ. १९५५ साली डिस्नेलँड हे उद्यान उघडले. तिथल्या कलेच्या दुकानात खरे वापरलेले सेल पर्यटकांना एक-दोन डॉलरच्या आसपास मिळत. आईबाप मुलाला फुगा घेऊन द्यावा तसा सेल घेऊन देत. पुढे संगणक आला. डिस्नेंच्या मोठ्या चित्रपटांत हाताने रंगवलेल्या सेलचा शेवटचा चित्रपट १९८९चा, जलपरीचा. नंतर रंग संगणकातच भरू लागले, सेल उरलाच नाही. आज बरेच चित्रकथाकारही पडद्यावरच चित्र काढतात. तिथे कच्ची वही नाही, पांढऱ्याखाली झाकलेला हात नाही. म्हणजे जे आहे ते एवढेच. यापुढे त्यात फारशी भर पडायची नाही.

आपल्याकडेही हे काम असेच हातांनी झाले आहे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५०च्या दशकात कार्टूनचा विभाग उभा राहिला, तेव्हा शिकवायला डिस्नेंकडे काम केलेले क्लेअर वीक्स आले होते. त्यांचा जन्मच हिंदुस्थानातला. जातकातल्या हरणाच्या कथेवर तिथे १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट झाला. आणि विजया मुळे यांचा १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ तर दूरदर्शनमुळे तुमच्या घरातल्या लहानथोरांना पाठ असेल.

बरे, एखादे मूळ चित्र हाती आले तर ते ओळखायचे कसे? भिंग घ्या. जुन्या छापील रंगीत चित्रात ठिपके दिसतात, मूळ शाईत दिसत नाहीत. मूळ पानावरचा काळा भाग उजेडात तिरका धरला, तर कुंचल्याचे थर कमी-जास्त चमकतात. छापील काळा सगळीकडे सारखा. निळी पेन्सिल, पांढरा रंग, चिकटवलेले तुकडे, समासातली मापे, या सगळ्या शुभ खुणा. विचित्र वाटेल, पण अगदी निर्दोष, एकही दुरुस्ती नसलेले पान दिसले तर मला शंका येते. कारण काचेखाली दिवा लावून छापील चित्र गिरवणारे कारागीरही असतात. सेलच्या खाली किंवा वर पिना अडकवायची भोके असतात, कोपऱ्यात क्रमांक असतो. केवळ विकण्यासाठी म्हणून छापलेले सेलही बाजारात येतात. ते सुंदर असतात, पण ते कधी कॅमेऱ्याखाली गेलेले नसतात. घ्यायचे तर जाणून घ्यावेत.

आणि जपायचे कसे? आपल्याकडे चांगल्या वस्तूचा घात प्रेमानेच होतो. कोणाला बक्षीस मिळाले की प्रमाणपत्र लगेच लॅमिनेशनला! मूळ चित्राचे लॅमिनेशन म्हणजे त्याचा गळा दाबणे. ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो. सेल ओल्या फडक्याने पुसू नका. जुने रंग पाण्यात विरघळणारे असतात, धूळ पुसायला गेलात तर राजकन्येचा झगाच फडक्यावर येईल. जुना सेल गुंडाळी करून ठेवला की रंगाचे पोपडे सुटतात. डब्यातून आंबूस वास आला तर सेल कुजायला लागला असे समजा आणि तो इतरांपासून वेगळा ठेवा. आपल्या हवेत खरे वैरी दोन: पावसाळा आणि कसर. भिंतीला टेकलेली ट्रंक नको, माळ्याच्या पत्र्याखालचे ऊन नको. दोन कागदांमध्ये साधा पांढरा कागद घालून आडवे ठेवावे, दसऱ्याच्या आधी कपडे वाऱ्यावर टाकतो तेव्हा तेही उघडून पाहावेत, पण सावलीत. आणि मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल, तर ते आधी वाचावे.

पैशाची गोष्ट टाळता येत नाही, म्हणून सांगून टाकतो. ‘टिनटिन’चे बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी १९३६ साली ‘निळे कमळ’ या पुस्तकासाठी एक मुखपृष्ठ रंगवले. छापायला फार खर्च येईल म्हणून ते वापरले गेले नाही. प्रकाशकाच्या वारसांचे म्हणणे असे, की एर्जेंनी ते प्रकाशकाच्या लहान मुलाला देऊन टाकले, त्याने घड्या घालून ते खणात ठेवले आणि कित्येक वर्षे ते तिथेच राहिले. काही जाणकार म्हणतात, घड्या मुलाने घातलेल्या नाहीत, टपालाने पाठवण्यासाठी घातल्या असतील. २०२१ साली पॅरिसला घड्यांसकट तो कागद सुमारे ३२ लाख युरोंना गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘स्पायडर-मॅन’चे माइक झेक यांनी १९८४ साली काढलेले एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरना विकले गेले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २५ कोटी रुपये. एक पान! ऐकून डोळे पांढरे झाले ना? माझेही झाले. अशी पाने मग बँकेच्या तिजोरीत जातात, आणि पाहणारा कोणी उरत नाही. छतातल्या गळतीला लावलेला कागद आणि तिजोरीतला कागद, दोन्ही पाहणाऱ्याच्या दृष्टीने सारखेच.

मला याहून खटकते ती गोष्ट वेगळी आहे. वीस-बावीस पानांची एक गोष्ट. तिची पाने सुटी सुटी विकली की जास्त पैसे येतात, म्हणून एक पान न्यूयॉर्कला, एक लंडनला, एक कुणाच्या दिवाणखान्यात. मारामारीचे पान महाग, नुसत्या बोलण्याचे पान स्वस्त. गोष्ट कायमची विस्कटते. म्हणून मला त्या अनामिक माणसाचे फार कौतुक वाटते, ज्याने २००८ साली ‘स्पायडर-मॅन’च्या अगदी पहिल्या, १९६२ सालच्या अंकाची स्टीव्ह डिट्को यांनी काढलेली २४च्या २४ मूळ पाने अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, लायब्ररी ऑफ काँग्रेसला, देऊन टाकली. विकली असती तर सात पिढ्या बसून खात्या. नावसुद्धा सांगितले नाही. आज तिथे जाऊन अभ्यासकाला ती पाने एकापाठोपाठ एक पाहता येतात.

सुटी पाने म्हटले की मला सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळचे पिंगुळी आठवते. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा चित्रे दाखवून, गाऊन सांगतात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. चित्रकथा म्हणजे काय हे अमेरिकेने आपल्याला शिकवायला नको होते! जुन्या चित्रकथी चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोथीतले एक देखणे चित्र उचलून शहरात नेणाऱ्याला भिंतीपुरती शोभा मिळते. पण पोथी एका पानाने लंगडी झाली, की सांगणाऱ्याला कथा तिथे अडते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या तालुक्यात निवृत्त चित्रकला शिक्षक असतील, साइनबोर्ड रंगवणारे असतील, एके काळी दिवाळी अंकांना चित्रे पाठवणारे कोणी असेल. एखाद्या रविवारी चार मुले घेऊन त्यांच्याकडे जा. ट्रंक उघडायला सांगा. काही विकत घेऊ नका, मागूही नका. फक्त पाहा, फोनवर फोटो घ्या आणि कोणत्या पुस्तकासाठी, कोणत्या साली काढले ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. सांगणारा माणूस आहे तोवरच हे होते.

आता तो घोडा. ते गोष्टींचे पुस्तक मला बऱ्याच वर्षांनी एका जत्रेतल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले. घोडा अकराव्या पानावर आहे. छापलेला घोडा तळहाताएवढा. मान सुरेख वळलेली, आयाळीची रेघन् रेघ मोकळी. पण मागचे दोन्ही पाय मिळून काळा गोळा झाला आहे. रेघा फार जवळ होत्या. पत्रा तेजाबात थोडा आणखी राहायला हवा होता, त्याशिवाय मधली जागा खोल होत नाही आणि तिथे शाई भरते. ते काम आमच्याच कारखान्यातले. त्या चित्रकारांनी इतके ब्लॉक पाहिलेले, छापून आल्यावर त्या पायांचे काय होणार हे त्यांना तेव्हाच ठाऊक असावे.

मूळ चित्र साधारण पंधरा इंच लांब होते. मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले मला अंधुक आठवते. मी वाचले नव्हते. रद्दीच्या दुकानात गेलो, की जाड कागद दिसला तर मी अजून उलटून पाहतो.